इटलीतला सातारा

नायगाराच्या कठड्याला रेलून, अंगावर तुषार झेलत, आमच्या दिघ्यांनी काढलेले उद्गार मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत. "ठोसेघरच की हो. पाणी जरा जास्त सोडलंय, एवढंच."

दिघे मूळचे साताऱ्याचे. अमेरिकेत, श्रूजबरीत, आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे आणि एका विमा कंपनीचं म्हातारं सॉफ्टवेअर जिवंत ठेवायचे. वय पन्नाशीचं, संसार एकट्याचा. लग्न झालंच नव्हतं की होऊन मोडलं होतं, हे विचारायची छाती आमच्या मराठी कंपूत कुणालाच झाली नाही. माणूस सरळ. बर्फ पडला की न सांगता आमचीही गाडी उकरून ठेवायचे. खोड एकच. जगात नवीन असं काही असतं, हे त्यांना मान्य नव्हतं. ग्रँड कॅन्यन म्हणजे आर्थर सीट. केप कॉडचा किनारा म्हणजे गणपतीपुळे, फक्त देऊळ नाही. टाइम्स स्क्वेअर म्हणजे साताऱ्याचा दिवाळीतला मोती चौक. "आपल्याकडे आहे हे," असं म्हणून ते भलंमोठं प्रेक्षणीय स्थळ निकालात काढायचे.

बाकीचे हसायचे. मला मात्र राग यायचा. साताराच बघायचा होता तर एवढा समुद्र ओलांडून आलात कशाला, असं अगदी जिभेवर यायचं.

त्यामुळे माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, ऑफिसने जूनमध्ये आठवडाभर मिलानला पाठवायचं ठरवलं आणि मीही सोबत निघाले, तेव्हा दिघ्यांना यातलं अवाक्षर कळता कामा नये, असं मी त्याला बजावलं होतं. मिलिंदच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्याच दिवशी दिघे दारात उभे.

"वहिनी, मीपण तिकीट बुक केलं. एकट्याने युरोप बघवत नाही."

मी चहा टाकला.

मिलान हे नटव्यांचं गाव आहे. तिथली आजीसुद्धा भाजी आणायला निघाली की गळ्यात मोत्याची माळ आणि पायात टाचेचे बूट घालून निघते. मी त्या गावासाठी महिनाभर तयारी केली होती. शेजारी दिघे, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, कमरेला फुगलेला पाऊच. काचेच्या उंच छताखाली दुकानांचा तो प्रसिद्ध रस्ता आहे, तिथे मान वर करून ते म्हणाले, "मोती चौकावर काच घातली की झालं."

"मोती चौक तुम्ही टाइम्स स्क्वेअरला देऊन टाकलाय," मी म्हटलं.

"तो दिवाळीतला, वहिनी. हा साधा."

जेवायला केशर घातलेला रिसोट्टो आला. दिघ्यांनी एक घास घेतला, "मऊ भात," म्हणाले आणि पाऊचमधून मेतकुटाची पुडी काढली. वेटरचा चेहरा मला अजून आठवतो.

रविवारी आम्ही कोमोच्या तळ्यावर गेलो आणि तिथून बोटीने बेलाजिओला. दोन्ही बाजूंना डोंगर थेट पाण्यातून वर उठलेले, काठाला पिवळी-गुलाबी घरं, त्यांच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. मला भरून आलं. मी मनातल्या मनात देवाला सांगितलं, आता या माणसाला काही बोलू देऊ नकोस.

"वेण्णा लेक," दिघे म्हणाले. "घोडे नाहीत फक्त."

बेलाजिओच्या धक्क्यावर उतरलो तशी त्यांची घालमेल सुरू झाली. भारतात दिवेलागण होत आली होती. दर रविवारी त्या वेळेला ते साताऱ्याला आईला फोन करायचे, आणि फोन आल्याशिवाय म्हातारी जेवायला बसायची नाही. आमचे अमेरिकन मोबाइल तिथे मुके होते. दिघे ऐटीत धक्क्यावरच्या फोन बूथमध्ये शिरले आणि त्यांनी खिशातून आमच्या देसी दुकानातलं कॉलिंग कार्ड काढलं. एकावर एक फ्री मिळतं म्हणून दोन आणली होती. त्या कार्डावरचा नंबर फक्त अमेरिकेतून लागतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. एक इटालियन बाई काहीतरी बोलायची आणि लाइन तुटायची. दिघे कार्ड शर्टाला पुसून पुन्हा नंबर दाबायचे. परतीच्या बोटीचा भोंगा झाला.

"तुम्ही जा, वहिनी. मी येतो मागून." ते पुन्हा नंबर दाबायला लागले. "ती ताट वाढून बसली असेल हो."

मिलिंद पळत जाऊन तंबाखूच्या दुकानातून तिथलं कार्ड घेऊन आला. बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली. फोन लागला.

"आई, जेवली नाहीस ना अजून? अगं, वेण्णा लेकला आलोय बघ. तू आळीतल्या बायकांबरोबर सहलीला गेली होतीस ना, अगदी तेच. तसेच डोंगर, तशाच होड्या. नुसतं लांबच लांब आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुडघ्यांपायी अंगणापलीकडे न जाणाऱ्या बाईला हा माणूस तिच्या ओळखीच्या जागांमधून जग दाखवत होता. मला त्यांच्याबद्दल एकदम फार माया वाटली.

"वहिनी, आईला तुमच्याशी बोलायचंय." रिसीव्हर माझ्या हातात देऊन ते कठड्याशी जाऊन उभे राहिले.

"तो जवळ आहे का गं?" आवाज बारीक, पण खणखणीत.

"नाही काकू, लांब आहेत जरा."

"मग ऐक, पोरी. वेण्णा लेक मी बघितलेलंच नाही. त्या सहलीत मला वाईलाच गाडी लागली. तिथं बहिणीकडे जाऊन पडून राहिले. ठोसेघरही नाही बघितलं कधी. पण त्याला सांगू नकोस हं."

"मग ते सांगतात ते तुम्हाला कळतं कसं?"

"कळायचंय काय त्यात? तो बोलतो, मी ऐकते. लहानपणी तोंड उघडायचा नाही बघ. आता तिथं एकटा असतो. खरं सांगून बसले, तर रविवारी माझ्याशी बोलेल काय तो?"

मी फोन ठेवला. दिघे लगबगीने जवळ आले.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं."

त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. पुढची बोट यायला अवकाश होता. आम्ही तिघं धक्क्यावरच्या बाकावर बसलो. दिघे पलीकडच्या काठाकडे बघत होते, पुढच्या रविवारची तयारी चालली असावी.

"वहिनी, तो समोरचा डोंगर. यवतेश्वर म्हटलं तर चालेल का हो?"

मी यवतेश्वर कधीही पाहिलेलं नाही.

"अगदी तसाच आहे," मी म्हटलं.