चवीपुरतं मीठ

“एकच शब्द द्या,” बायको म्हणाली. “पाहुण्यांसमोर रसायनशास्त्राचा ‘र’सुद्धा काढायचा नाही.”

सरांनी मान डोलावली. चौतीस वर्षं शाळेत तोच विषय शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला हे जरा जडच होतं. पण लेकीनं पसंत केलेल्या मुलाचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते. मागं मुलगा एकटा आला होता, तेव्हा सरांनी त्याला लोखंड का गंजतं ते पाऊण तास समजावलं होतं. मुलगा बिचारा टिकला, आईवडील टिकतीलच याची खात्री नव्हती.

“मग मी करू काय?”

“सरबत करा. सहा पेले. कागदावर सगळं लिहिलंय.” एवढं सांगून ती लेकीला घेऊन बाजारात गेली.

कागदावर शेवटची ओळ होती : चवीपुरतं मीठ. “हे काय माप झालं?” म्हणत सरांनी कपाटातला जुना काटा काढला. दोन लिटर पाण्याला शून्य पूर्णांक तीन टक्के, म्हणजे सहा ग्रॅम. हिशेब चोख होता. फक्त चष्मा कपाळावर होता, आणि दशांशचिन्ह एक घर सरकलं. मीठ साठ ग्रॅम पडलं.

पहिल्याच घोटाला सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणीसुद्धा सरबतापेक्षा गोड असावं.

पण डगमगतील ते सर कसले! पाणी दुप्पट केलं की संहती निम्मी, हे त्यांनी हजारो पोरांकडून घोकून घेतलं होतं. जगमधलं सरबत पातेल्यात गेलं, चार लिटर झालं. खारट. पातेल्यातलं बादलीत गेलं, आठ लिटर झालं. तरी खारटच. शिवाय दर खेपेला गोडीही निम्मी होत होती, म्हणून साखर घातली, आणि आंबटपणा निम्मा, म्हणून लिंबं पिळली. सोळाव्या लिटरला मीठ कसंबसं ताळ्यावर आलं, तेव्हा साखरेचा डबा रिकामा होता, लिंबं संपली होती आणि न्हाणीघरात दोन नव्याकोऱ्या बादल्या भरल्या होत्या. चव मात्र भांडी विसळलेल्या पाण्याची होती.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

“अगंबाई! हे काय?”

“द्रावण,” सर पडेल आवाजात म्हणाले. “अजून किलोभर साखर लागेल. लिंबं पन्नासेक.”

बायकोनं चमचाभर चाखलं. “प्यायला माणसं किती?”

“सहा.”

“मग दोन बादल्या गोड कशाला करायच्या? एक जग काढा, तेवढ्यातच साखर घाला.” तिनं डाळीच्या डब्यामागे राखून ठेवलेली वाटीभर साखर आणि तीन लिंबं काढली.

एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याचं सरांना मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटायलाही वेळ नव्हता, कारण घंटी वाजली.

“वा! सरबत अगदी बेताचं झालंय,” मुलाचे वडील म्हणाले. “आमच्याकडे मीठ कायम कमीजास्त होतं. युक्ती काय?”

लेकीनं डोळे मिटून घेतले. सरांनी ओठ घट्ट दाबले. चौतीस वर्षांत इतका सुंदर प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर द्यायची बंदी होती.

“त्याचं असं आहे,” बायको म्हणाली, “मीठ पडलं की पडलं, पाण्यानं ते कमी होत नाही. द्राव्य तेवढंच राहतं, द्रावक वाढतो, म्हणून संहती उतरते. पण मग साखरेचीही उतरते, हे विसरून चालत नाही...”

ती पाच मिनिटं बोलली, आणि एकही चूक नाही. म्हणजे इतकी वर्षं भाजी निवडता निवडता ही ऐकत होती तर!

“बरोबर ना, सर?” तिनं विचारलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, ‘अहो’ सोडून तिनं त्यांना दुसरी हाक मारली नव्हती.

मुलाच्या आईनं रिकामा पेला पुढे केला. “अजून थोडं मिळेल?”

“हवं तेवढं घ्या,” सर खुशीत म्हणाले. “न्हाणीघरात दोन बादल्या आहेत.”

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. भावी विहीणबाईंनी पेला खाली ठेवला, उठून न्हाणीघरात डोकावून आल्या आणि नवऱ्याकडे बघत लेकीच्या शेजारी येऊन बसल्या.

“काळजी करू नकोस गं. ह्यांनी भिंतीचा रंग घट्ट झाला म्हणून त्यात पाणी घातलं, मग फिका झाला म्हणून रंग घातला, मग परत पाणी. आमचं घर झालं, तरी संपेना. शेवटी शेजाऱ्यांचंही रंगवून दिलंय.”