जानकीबाईंच्या स्वस्त फोनाची कैफियत

गावदेवाचे चरणी मस्तक ठेवोन, कोणाची भीड न धरिता आणि कोणास अधिक-उणे न करिता, मुलुंड प्रांती जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. मुलुंड पूर्वेस तीन मजली चाळवजा इमारतीत दुसरे मजल्यावर जानकीबाई परब राज्य करीत होत्या. वय बासष्ट, डावे गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन हप्ते जाहलेले, सबब जिना उतरणेस डाक्टरांची मनाई.

ऐसे समयी मालवण मुलखातील मौजे आंबेखोल येथून त्यांचे दीर धोंडूराव यांचा निरोप आला की, सामाईक अंगणातील फणस तोडोन तेथे आपली नवी चारचाकी उभी करणार. हा फणस जानकीबाईंनी लग्नाचे दुसरे वर्षी स्वहस्ते लाविला होता, आणि कळशीने पाणी घालोन वाढविला होता, आणि धोंडूरावांनी त्यास आजवर फळ तोडण्याखेरीज हात लाविला नव्हता. जानकीबाईंनी साफ इनकार केला. मग उभयतांत ठरले की गावदेवास कौल लावावा. देवाचे अंगास दोन कळ्या लावाव्या. उजवी पडली तर तोडणेस परवानगी, डावी पडली तर मनाई. गुरव बाळा यांनी गावचा कायदा स्मरून दिला की, जमीन दोघांची, तर कळी पडताना दोघांनी आपले डोळ्यांनी पाहिली पाहिजे. एकाने न पाहिली तर तो कौल रद्द, आणि त्याच सवालाचा दुसरा कौल वर्ष फिरल्याखेरीज नाही. जानकीबाईंचे गुडघ्यामुळे येणे नाही, सबब त्यांनी व्हिडीओ कॉलवर पाहण्यास बाळांनी रुकार दिला.

“वयनी, तुझ्या बटनाच्या फोनार देव दिसता काय?” ऐसे म्हणोन धोंडूराव खदखदा हसले. ते हसू जानकीबाईंचे काळजात काट्यासारखे रुतले.

मग चिरंजीव नितेश यांस हुकूम जाहला की आठवड्याचे आत मोठे पडद्याचा फोन हजर करावा. नितेश हे अंधेरीस मालाचे गोदामात नोकर. त्यांनी यूट्यूबवरील बेचाळीस भाटांची कवने ऐकिली. या भाटांचा रिवाज ऐसा की, जो फोन हाती येईल तो ‘या किमतीत बेस्ट’ म्हणावा आणि दुसरे दिवशी दुसऱ्यासही तेच म्हणावे. त्यांचे बोलावर भरवसा ठेवोन नितेश तृतीयेस एक स्वस्त फोन घेऊन आले. पेटीवर बिरुदे इतकी की छत्रपतींचे सरदारांसही नसतील: पन्नास मेगापिक्सेल, महाबॅटरी, विद्युतवेग. पेटीत चार्जर मात्र नव्हता.

जानकीबाई भाटांवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी जाहीर केले की रोजचे कामास लावोन पाहू, मग बोलू. शेजारच्या शकुबाई, चाळीस वर्षांच्या मैत्रीण, पंच म्हणोन बसल्या. त्यांचाही फोन बटनांचाच.

प्रथम गजराची परीक्षा जाहली. साडेपाचास लाविला, तो पाच बावन्नास वाजला, आणि वाजण्याआधी त्याने एका बनियनची जाहिरात दाखविली. मग कॅमेऱ्याची. मासेवाली दारी आली, तेव्हा बांगडे घ्यावे की नको हे तसबीर पाठवोन नितेशला विचारावे म्हणोन जानकीबाईंनी फोन उगारिला. फोनाने विचार केला. मासेवालीने वाट पाहिली, आणि तिसरे मजल्यावर जाऊन बांगडे विकोन आली, तेव्हा कॅमेरा उघडला. मग शकुबाईंची तसबीर काढिली, तो फोनाने त्यांस न विचारिता गोरे केले, सुरकुत्या पुसल्या आणि हनुवटीवरील तीळ गडप केला.

“ही कोण गं बाई?” शकुबाई म्हणाल्या. “माझा तीळ कुठाय? आईकडचा आहे तो!”

जानकीबाईंनी नोंद करविली की हा फोन तोंडावर खोटे बोलतो, आणि खोटे बोलणारास घरात दोनच जागा, एक राजकारणात गेलेल्या चुलत्यास आणि एक यास.

बॅटरीची हकीकत याहून नामुष्कीची. सकाळी शंभर टक्के भरोन दिली, दुपारचे वरणभातापावेतो एकतीस उरली. कोणी फोन केला नाही, कोणी घेतला नाही, पडल्या पडल्याच खर्ची पडली. आणि पाठ इतकी तापली की जानकीबाईंनी तो टेबलावर आपटिला.

“मेल्या नितेश, ह्यो फोन आसा की तवो?”

“आई, बजेट फोन आहे यार, थोडा गरम होणारच ना,” नितेश उत्तरले.

“टाकू नको गं,” शकुबाईंनी सल्ला दिला, “गुडघ्याला शेकायला बरा आहे.”

आणि खरोखरच फोन शेकण्यास उत्तम निघाला. सात दिवसांत त्याने चोख बजाविलेली कामगिरी ती हीच, आणि ती पेटीवर लिहिली नव्हती.

सर्वांत मोठी परीक्षा व्हिडीओ कॉलची. गोदामातून नितेशने फोन लाविला, तेव्हा त्यांचा आवाज प्रथम पोहोचला आणि चेहरा मागाहून, जैसे फौजेपुढे नगारा आणि फौज दोन मजल मागे. मग चेहराही तोंड वासलेला थिजला आणि सहा मिनिटे तैसाच राहिला. फोन बदलण्याची मसलत जाहली, तो दुकानदाराचा जबाब आला की पेटी फोडली तो माल तुमचा. नितेशचा फोन कौलाचे रविवारी नितेशबरोबरच कामावर. दुसरा इलाज उरला नाही. त्या संध्याकाळी जानकीबाई खिडकीत बसोन राहिल्या आणि चहाही घेतला नाही. आपणास दिसले नाही तर धोंडूराव सांगतील तोच कौल ठरेल, फणस गेला, ऐसे त्यांच्या मनाने घेतले.

शुद्ध दशमी, रविवार. सकाळी दहा वाजोन दहा मिनिटांनी आंबेखोलाहून फोन आला. पोह्यांचे डब्यास टेकवोन फोन उभा केला, शकुबाईंनी एक हात डब्यास लाविला. पडद्यावर देव दिसले. गुरव बाळांनी दोन कळ्या पाण्याने देवाचे अंगास लाविल्या, सवाल घातला, आणि हात उचलिला. तोच पडदा थिजला. बाळांचा हात हवेत, दोन्ही कळ्या जागचे जागी.

आवाज मात्र धावत होता. घंटा वाजली, कुत्रे भुंकले, आणि धोंडूरावांची आरोळी आली: “पडली! उजवी पडली! वयनी, बघलंस मा?”

जानकीबाईंनी पडदा पाहिला. चष्मा पुसोन पुन्हा पाहिला. मग त्या शांतपणे बोलल्या, “भावजी, माझ्याकडे दोन्ही आसत.”

“अगे, खाली पडली ती! हयसर धा माणसांनी बघल्यांनी!”

“धा माणसांचा नाव सातबाऱ्यार नाय. माझा आसा.”

“मगे तो फोन बंद करून चालू कर!”

शकुबाईंनी भाबडेपणे बटनाकडे बोट नेले. “करू का गं बंद?”

“हात लावशील तर बघ!” ऐसा जरबेचा हुकूम सुटला, आणि शकुबाईंनी बोट आवरिले, आणि मग त्यांस उमज पडोन पदराआड हसू आवरिले.

धोंडूराव तिकडे तापले. शहरच्या माणसांची लबाडी, फोनाची लबाडी, सर्व काढिले. तेव्हा गुरव बाळांचा आवाज आला, तो खालचे पट्टीत. “जानकीवयनी, देवासमोर सांग. कळी पडताना बघलंस?”

जानकीबाईंनी थिजल्या देवास हात जोडिले. “बघूक नाय मी.”

हे अक्षरशः सत्य होते. बाळांनी निवाडा दिला की कौल रद्द, पुढील मार्गशीर्षापावेतो फणसास कोणी कोयता लावू नये. धोंडूराव अर्धी घटका वाद घालीत होते. दहा वाजोन एकोणतीस मिनिटांनी पडदा हलला आणि देवळाचे पायरीवर उकिडवे बसलेले धोंडूराव दिसले, घामाघूम, चारचाकीची किल्ली बोटात फिरवीत.

सायंकाळी नितेश परतले. सर्व ऐकोन त्यांस आपले खरेदीची शरम वाटली आणि ते म्हणाले, “आई, चुकलो. हा देऊन टाकू, चांगला फोन आणतो.”

जानकीबाई गुडघ्यावर फोन ठेवोन शेकत होत्या. “खबरदार,” त्या म्हणाल्या. “पुढल्या कौलापर्यंत ह्योच. आणि तो दुरुस्त करूक नेलंस, तर तू पण घरात येव नको.”

येणेप्रमाणे मुलुंडची फत्ते जाहली. फोनाचा निकाल पंचांसमक्ष लिहिला तो ऐसा: गजर नापास, तसबीर खोटारडी, बॅटरी उधळी, पडदा मठ्ठ, एकंदर कोणतेही कामाचा नाही. साक्ष शकुबाई, हनुवटीवरील तिळासह.