तुरीच्या कुंपणावरचा सिनेमा

तेरवी आटोपली आणि भिंतीवरच्या फोटोवरून मायलेकींचा वाद सुरू झाला. दौलतरावांचा हसरा फोटो घरात एकही नव्हता. शेवटी ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला होता, आणि त्यात ते समोरच्याच्या गाडीतला कापूस ओला निघावा तसे बघत होते.

त्यात त्यांचाही दोष नव्हता. जन्मभर त्यांनी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवली. गाडीत हात घालायचा, कापूस बोटांत ओढून पाहायचा आणि चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही; कारण विकणारा आणि घेणारा, दोघंही तो चेहरा वाचायला टपलेले. पुढे तोच चेहरा संध्याकाळी घरी यायला लागला. नागपूरहून आलेली त्यांची लेक निशिगंधा ते हसतानाचं काही आठवतं का म्हणून पाहत होती. आठवत नव्हतं. हे तिनं कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

आठवडाभरानं दौलतरावांचे जुने दोस्त जब्बारचाचा भेटायला आले. मोटारी दुरुस्त करणारे चाचा नांदेडला लेकीकडे होते, त्यांना बातमी उशिरा कळली. ते फोटोसमोर बसले, वर पाहिलं, आणि दुखवट्याच्या घरात त्यांना हसू फुटलं.

"माफ करजो बेटा," डोळे पुसत ते म्हणाले. "पण याच तोंडावर आमी सिनेमा बनवला होता. कॉमेडी."

निशिगंधा चहा खाली ठेवून पुढ्यात बसली आणि चाचा सांगू लागले. गावात तंबूतला सिनेमा आला होता तेव्हाची गोष्ट. तंबूवाल्याचा कॅमेरा मागून, सुट्टीच्या दिवशी जिनिंगमध्ये दोघांनी खेळ मांडला. आवाजाची सोयच नव्हती, म्हणून मुका. फिल्म नागपूरहून धुऊन आली, तर दाखवायचं मशीन बिघडलं. तंबूवाला ते जब्बारचाचांकडे टाकून निघून गेला, फिल्मचा डबा दौलतरावांकडे राहिला. त्यामुळे तो सिनेमा कोणीच पाहिला नव्हता, खुद्द दौलतरावांनीही नाही.

"मशीन आत्ता चालू झालं. त्याले दाखवाचं होतं," चाचा म्हणाले. "डब्बा कुठंय भाभी?"

निशिगंधाच्या आईनं, विमलताईंनी, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गोल पत्र्याचा? त्यातली काळी पट्टी त म्या घनश्यामले देल्ली."

गेलेल्या माणसाच्या वस्तू तेरवीनंतर घरात ठेवायच्या नाहीत, हा रिवाज त्यांनी मनावर घेतला होता. आणि त्यांचं शेत ठेक्यानं करणाऱ्या घनश्यामला रानडुकरं भिवडवायला काहीतरी चमकणारं, फडफडणारं हवंच होतं.

शेताच्या बांधावर निशिगंधा थबकली. फुललेल्या तुरीभोवती बांबूंना पट्टीचे तुकडे बांधलेले, वाऱ्यावर झुलत होते. तिनं एक तुकडा उन्हाकडे धरला. एका चौकटीत बाबा. खालच्या चौकटीत बाबा. त्याखाली पुन्हा बाबा, फक्त हात केसभर वर. पूर्ण कुंपण बाबांनी भरलं होतं.

घनश्याम मात्र पट्टी सोडायला तयार नव्हता.

"हे बांधल्यापासून डुक्कर फिरकलं नाई ताई. काका लय कामाचे निंगाले."

बदल्यात साड्या द्यायच्या ठरल्या, कारण डुकराला रंगीत साडीचीही भीती असते. पण तोवर त्यानं अर्धी पट्टी वाटून टाकली होती. काही शेजारच्या शेतात दिली. एक तुकडा सासरी घाटंजीला गेला. आणि एक त्याच्या बकरीनं चावून खाल्ला. जिथं तुकडा, तिथं साडी. ही बातमी पसरली तशी ज्यांच्याकडे तुकडा नव्हता तेही कॅसेटची पट्टी घेऊन दारात उभे राहिले. विमलताईंचं कपाट रिकामं झालं. घाटंजीची बेबीताई, म्हणजे घनश्यामची मेहुणी, जरीकाठाशिवाय ऐकेना. विमलताईंनी लग्नातला शालू काढून दिला.

"मी आता तो कुठं नेसणार," एवढंच म्हणाल्या.

चाचांनी तुकडे अंदाजानं जोडले. भर दुपारी वर्कशॉपचं शटर ओढलं. पडदा म्हणून लावायला घरात साडी उरलीच नव्हती, म्हणून दौलतरावांचं धोतर ताणून बांधलं. घनश्यामही येऊन बसला. चाचा दांडा फिरवू लागले आणि धोतरावर तिशीही न गाठलेला दौलत चालत आला.

त्याच्या हातातला कापसाचा नमुना बकरीनं पळवला. चेहरा ढिम्म ठेवून तो मागं धावला. मधला तुकडा घनश्यामच्या बकरीनं खाल्ल्यामुळे पडद्यावरची बकरी एकाएकी नाहीशी झाली आणि तो कशाच्याच मागं न लागता पळत राहिला. एका ठिकाणी तर तो डोक्यावर चालला, कारण तुकडा उलटा चिकटला होता. घनश्याम मांडी बडवत होता. विमलताई पदरात हसत होत्या. शेवटी तो कापसाच्या ढिगाच्या माथ्यावर चढला, घसरला आणि आत बुडाला. कापूस हलला, मग हलायचा थांबला. पांढरं, सपाट.



चाचांनी नाक ओढलं आणि पट्टी परत गुंडाळायला दांडा उलटा फिरवू लागले. डोळे भरलेले, दिवा बंद करायचं राहून गेलं.

कापूस हलला. आधी दोन पाय, मग धोतर, मग सगळा माणूस कापसातून अलगद वर आला आणि ढिगाच्या माथ्यावर उभा राहिला. एक कणही अंगाला न चिकटलेला. चाचांचा हात थकून सावकाश फिरत होता, म्हणून मघाशी घाईत निसटलेलं आता दिसलं. घसरण्याआधी तो कॅमेऱ्यामागच्या दोस्ताकडे पाहून हसला होता. तोंडभर.

निशिगंधा जागेवरून उठून उभी राहिली.

"अरे, उलटं होऊन राह्यलं," चाचा गडबडले. "थांबा भाभी, सरळ लावतो."

"नको भाऊ," विमलताई म्हणाल्या. "उलटंच चालू द्या. सरळ लावलं का ते पुन्हा जातील."