घर उचलण्याचा तास

पुरिंगबाईंचं झावळ्यांचं घर अख्खंच उचलून शाळेमागे नेऊन ठेवायचं ठरलं, तेव्हा बाईंनी एकच अट घातली. उचलताना सगळ्यांनी इंग्रजीतच बोलायचं. समुद्र अंगण खात खात पार जिन्याशी आला होता, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. घराखाली बांधलेल्या बांबूंना खांदा द्यायला आलेली पोरंही त्यांचीच, परदेशी नोकरीसाठी त्यांच्याकडे इंग्रजी घोटणारी. मग तास का बुडवायचा?

हलवणं, हटवणं, काढून नेणं यांना इंग्रजीत किती शब्द आहेत, हे गावात बाईंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तेच शिकवून शिकवून त्यांनी अर्धं गाव हाँगकाँग-कुवेतला पोचवलं होतं. एकटी इसिंग तेवढी एकही शब्द न शिकता गेली. फार लांब नाही, टेकडीवर. शेजारचं आपलं घर तिने असंच उचलून नेलं. जाताना तिने विचारलं नाही, बाईंनी अडवलं नाही, आणि तेव्हापासून दोघींचा अबोला. संध्याकाळी कॉफी करताना बाई अजून दोन कप काढत आणि एक परत ठेवत. इसिंगची त्यांना फार आठवण यायची.

घराखाली शिरलेल्याला पुढच्याच्या टाचांपलीकडे काही दिसत नाही, म्हणून पुढे कुणीतरी वाट दाखवत चालावं लागतं. छत्री उघडून बाई पुढे झाल्या. "लिफ्ट," म्हणाल्या, घर उठलं. "शिफ्ट," म्हणाल्या, घर कललं आणि आत पातेली कोसळली. एवढ्यात बांबूखालून तेम्योंगने विचारलं, 'रिमूव्ह' आणि 'ट्रान्सफर' यांत फरक काय? हा पोरगा लवकरच कुवेतला निघायचा होता. असा प्रश्न आल्यावर बाईंना रस्ता कुठला दिसतोय? त्या समजावत चालत राहिल्या, आणि पाय इतके दिवस जिकडे जायला आसुसले होते तिकडेच वळले. मागून घर वळलं. शाळेचा फाटा केव्हाच मागे पडला.

चढ लागल्यावर तेम्योंगने धापा टाकत विचारलं, "बाई, शाळा एवढी वर होती का?"

बाईंनी तेच इंग्रजीत विचारायला सांगितलं. त्याचं वाक्य जुळेपर्यंत टेकडी चढून झाली. मग एक बांबू कडाडला आणि घर होतं तिथेच टेकवावं लागलं. ते नेमकं इसिंगच्या अंगणात, दारासमोर दार.

इसिंग हातात उलथनं घेऊन बाहेर आली. तिने घराकडे पाहिलं, मग छत्रीकडे.

"वाट चुकले," बाई म्हणाल्या.

"जन्म गेला तुझा या गावात."

बाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"येशील कधीतरी असं वाटायचं मला," इसिंग म्हणाली. "घर घेऊन येशील असं नव्हतं वाटलं."

तिने पोरांना वाटी वाटी भात वाढला. तिकडे शाळेमागे पोरांसाठी रांधलेल्या पान्सितच्या शेवया थंड होत होत्या. जेवणं उरकेपर्यंत तेम्योंग नवा बांबू घेऊन आला. सगळे पुन्हा घराखाली शिरले आणि खांदे लावून थांबले.

"बाई, आता इंग्रजीत काय म्हणायचं?" बांबूखालून तेम्योंगने विचारलं.

रिमूव्ह, ट्रान्सफर, विथड्रॉ, कॅरी अवे, सगळे शब्द बाईंच्या जिभेवर रांगेत उभे होते. समोर इसिंगने ओट्यावर दोन कप मांडले आणि दोन्हींत कॉफी ओतली.

बाईंनी छत्री मिटली.

"आठवत नाही रे," त्या म्हणाल्या.