आप्पांचा अंगठ्यावर भरवसा न्हाई

आमच्या गल्लीतल्या आप्पांनी त्यांच्या भाचीला बघायला आलेल्या पोराच्या पाठीवर पिवळी चिठ्ठी डकवली व्हती. 'होल्ड.' पोरगं पोहे खाऊन, समद्यांच्या पाया पडून, चिठ्ठीसकट पार केडगाव स्टेशनापत्तूर गेलं. भाचीची आई रडाया लागली तर आप्पा म्हनले, "रिजेक्ट कुठं केलंय? तपासनी बाकी हाय."

आप्पा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटीला व्हते. हिरवी चिठ्ठी पास, पिवळी होल्ड, लाल रिजेक्ट. रिटायर झाले पर चिठ्ठ्या खिशातनं गेल्या न्हाईत. दूधवाल्याच्या किटलीला पिवळी, कलिंगडाला पिवळी, गल्लीतल्या नव्या गटारीला थेट लाल. "सॅम्पल काढल्याबिगर माल पास न्हाई," ह्ये त्यांचं येता-जाता चालू.

त्यांच्या तावडीत मी कशी घावले त्ये सांगते. माझी शाळा आठवीतनं सुटली, मग लगीन, मग पिहू. कंपनीत पॅकिंगला बाया कायमच्या घेत्यात पर धावी पास पायजे, आन् मला ती नोकरी पायजेच, म्हनून शिरूरच्या एका सरांचा मोबाईलवरचा क्लास लावला. शाळा सुटलेल्या तीसेक बाया, कुनी शिरूरकडची, कुनी दौंडकडची. गणिताच्या दोन चाचण्यांत मी नापास. सर म्हनले, तिसरीत पास झालात तरच यंदा परीक्षेचा फॉर्म भरायचा. आन् आमच्या घरात रेंज न्हाई, रेंज हाय आप्पांच्या ओट्यावर. दुपारी दोनला मांडीवर पिहू, हातात मोबाईल, आन् मागं खुर्ची टाकून आप्पा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात वही.

सर चांगलं शिकवायचे, न्हाई असं न्हाई. पर दर चार वाक्यांनी म्हनायचे, "समजलं का? समजलं असेल तर अंगठा दाखवा." की पटापटा पिवळे अंगठे वर. मी पन दाबायचे. समजलेलं काय बी नसायचं, पर तीस अंगठ्यांत आपला एकटीचा न्हाई, कसं दिसंल?

आप्पा वही घिऊन बसाया लागल्याच्या तिसऱ्या दिशी म्हनले, "शीतल, काय समजलं सांग."

"समदं."

"समदं म्हंजी किती?"

मी पिहूचं नाक पुसाया लागले.

"शिकायला बसलीस का सातबाऱ्यावर अंगठा द्यायला?" आन् वही दावली. सर बोलले अठ्ठावन्न मिन्टं, बाया दोन मिन्टं. "त्यातलं दीड मिन्ट 'आवाज येतोय का'मधी गेलं. अंगठे अकराशे. सॅम्पल शून्य."

मी म्हनले, आप्पा, तुमच्या पाया पडते, सरांना काय बोलू नका. दुसऱ्या दिशी वर्गसमीकरण चाललं व्हतं, सरांनी अंगठा मागितला, मी दिला, आन् मागनं हात आला, माईक चालू.

"सर, हिनं अंगठा दिलाय पर हिला कळलेलं न्हाई."

मला वाटलं आता जमिनीनं पोटात घ्यावं. सर थांबले. "आपण कोण?"

"क्वालिटी."

कुनीतरी बाई फसकन हसली. सर चिडले, म्हनले, "काका, एवढं कळतं तर तुम्हीच शिकवा."

"मला शिकवता येत न्हाई, म्हनून तर बघाया बसतो," आप्पा म्हनले. "पर कंपनीत आमी ड्रमाला इचारत न्हवतो, बाबा, तू चांगला हायेस का. झाकन काढून बघायचो. एका बाईचं नाव घ्या आन् इचारा."

सरांनी रागारागानं नाव घेतलं, कुनाचं, तर माझंच. "शीतल, सांगा, इथे एक्सची किंमत कशी काढली?"

पिहू केस वढत व्हती. अंगठ्यानं काय सुटका व्हनार न्हवती, आन् फॉर्म तर मला भरायचाच व्हता. म्हनलं, जाऊ दे, व्हायचं त्ये व्हऊ दे. "सर, मला पयल्यापासनंच न्हाई समजलं. त्यो एक्स आला कुठनं?"

मग शिरूरकडची एक ताई म्हनली, "मला बी त्येच इचारायचं व्हतं." मग अजून एक. मग आवाजावर आवाज, निस्ता बाजार.

सर लई हळू म्हनले, "मला वाटायचं, अंगठे आले म्हणजे झालं."

आप्पांनी वही म्होरं धरून अर्धा तास काय काय सांगितलं. त्या दिसापासनं शेवटची पंधरा मिन्टं बायांची. एक गणित प्रत्येकीनं वहीत सोडवायचं, फोटू धाडायचा, आन् सर इचारनार, "यातलं अवघड कुठं वाटलं?" ह्याला व्हय म्हनून भागत न्हाई, सांगावंच लागतं. मी पयल्या हप्त्यात रोज चुकले. पर कुठं चुकले त्ये कळाया लागलं. तिसऱ्या चाचणीत पास झाले, काठावर, पर झाले, आन् फॉर्म भरला.

त्ये सांगाया पळत आप्पांकडं गेले. ओट्यावर कुनी न्हवतं. आतनं आवाज आला म्हनून दारात थबकले.

आक्का, म्हंजी आप्पांच्या बायको, जमिनीवर पाटी घिऊन बसल्या व्हत्या. आक्कांना सही येत न्हाई ह्ये गल्लीला ठावं हाय. मागं एकदा त्या मला म्हनल्या व्हत्या, "लग्नानंतर शिकवाया बसले व्हते ह्ये. पयल्याच दिशी पाटीला लाल चिठ्ठी. मी पुन्ना पाटीला हात लावला न्हाई." त्याला चाळीस वर्सं झाली.

आक्का सोताचं नाव लिवत व्हत्या. नावातल्या 'शे'ची मात्रा लिवली, पुसली, पुन्ना लिवली, ती भलतीकडंच गेली.

समोर खुर्चीत बसलेले आप्पा खाकरले. मग असल्या आवाजात इचारलं, जो मी त्यांचा कवाच ऐकला न्हवता, "यातलं... अवघड कुठं वाटतंय तुला?"

आक्कांनी मात्रा पुन्ना पुसली. मग म्हनल्या, "तुम्ही बघत असला की समदंच."

आप्पांनी खुर्ची वळवली, भिंतीकडं तोंड केलं, आन् दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.