जमा न केलेली पिशवी

राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या दारात रखवालदाराने पिशवीकडे बोट दाखवलं आणि ती शेजारच्या खोलीत जमा करायला सांगितली, तेव्हाच काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. दुसरा कुणी नवरा असता तर पिशवी देऊन, बिल्ला घेऊन मुकाट्याने आत गेला असता. काकूंच्या नशिबी कुलूपकाका होते.

हे नाव त्यांना आळीने दिलं होतं, आणि ते उगाच दिलं नव्हतं. काकांची सारी नोकरी स्टेशनावरच्या सामानघरात गेली. लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या पिशव्यांत उंदीर कसे शिरतात आणि एकाची बॅग दुसऱ्याच्या घरी कशी पोचते, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. त्यामुळे स्वतःची पिशवी ते कुणाच्या हाती देत नसत. कुठेही बसले की तिचा पट्टा पायाच्या घोट्याला गुंडाळत. या सहलीत हॉटेलच्या पलंगावर झोपतानाही तो तसाच होता, आणि काकू येताजाता त्यात अडखळत होत्या.

आज सहलीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी परतीची गाडी. सगळ्या शहरात काकूंना एकच गोष्ट बघायची होती. त्यांच्या माहेरी भिंतीवर एका चित्राची छापील प्रत होती: खिडकीपाशी बसलेली एक बाई, हात रिकामे, मांडीवर ठेवलेले, चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नाही. चौकट लहान पडली म्हणून वडिलांनी खालचा भाग कापून टाकला होता. लग्नानंतर काकूंनी ती प्रत मागून आणली. घरात वैताग झाला की त्या तिच्याकडे बघत. जगात एक तरी बाई अशी निवांत बसली आहे, एवढ्यावर त्यांनी संसार रेटला होता. खरं चित्र या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं.

"तू ये बघून. मी पिशवी घेऊन बसतो इथे," काका म्हणाले.

"एकटीने बघायचं असतं तर कधीच आले असते. लग्न झाल्यापासून म्हणताय, दोघं मिळून बघू."

काका विरघळले. त्यांचं तत्त्व मात्र विरघळलं नाही. त्यांनी विचार केला आणि बंदी पिशवीला आहे, पिशवीतल्या सामानाला नाही, असा निष्कर्ष काढला. मग जिन्याच्या आडोशाला जाऊन त्यांनी दोन्ही स्वेटर अंगात चढवले, वर रेनकोट घातला, काकूंची शाल गळ्याला गुंडाळली, टॉवेल कमरेला खोचला, एका खिशात पाण्याची बाटली आणि दुसऱ्यात स्टीलचा डबा कोंबला. रिकामी पिशवी घडी करून बनियनच्या आत गेली. रखवालदार त्यांच्याकडे बघतच राहिला, पण अशा माणसाबद्दल त्याच्या नियमांत काही लिहिलेलं नसावं. तपासणीचं दार मात्र किंचाळलं. काकांनी डबा दाखवला. ते पुन्हा किंचाळलं. मग किल्ल्या निघाल्या, मग छत्री. मागे रांग वाढत गेली, लोक कुजबुजू लागले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं काकूंना झालं.

वरच्या दालनात पोचेपर्यंत काका घामाने निथळत होते, आणि चित्रासमोर ही गर्दी. सगळ्यांचे मोबाइल वर. काकूंनी टाचा उंचावल्या. त्यांना एक टक्कल, पुष्कळ कोपरं आणि चौकटीचा सोनेरी कोपरा दिसला. पुढे सरकायला जागा नव्हती आणि गाडीची वेळ होत आली होती. आयुष्यभर मागितलं ते इतकंच, आणि तेही मिळायचं नाही, हे कळून त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, मला जरा..." मागून क्षीण आवाज आला आणि काका आडवे झाले.

डबा खिशातून सुटून खणखणत दालनभर फिरला. सगळी गर्दी वळली, सगळे मोबाइल वळले. दोन रखवालदार धावत आले. एकाने रेनकोट काढला, दुसऱ्याने स्वेटर, मग आणखी एक स्वेटर. बनियनमधून पिशवी निघाली तेव्हा मागच्या लोकांनीही पुढे मुसंडी मारली. काकूंनी वाकून नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडून आधी पिशवी कुठे आहे ते विचारलं, तेव्हा जिवाला धोका नाही हे त्यांना कळलं. कुणीतरी डॉक्टरला बोलवायला गेलं.

काकू उठून उभ्या राहिल्या. चित्रासमोर आता कोणी नव्हतं.

तीच खिडकी, तेच हात, तोच चेहरा. काकूंनी डोळे भरून पाहिलं. मग नजर खाली गेली, वडिलांनी कापून टाकलेल्या भागाकडे. खुर्चीच्या पायाशी एक तपकिरी पिशवी होती आणि तिचा पट्टा त्या बाईच्या घोट्याला नीट गुंडाळलेला होता.

काकू हलल्याच नाहीत. घरी जाऊन आता भिंतीवरच्या त्या बाईकडे कुठल्या तोंडाने बघायचं, हे त्यांना कळेना.

जमिनीवर पडलेल्या काकांना लोकांच्या पायांमधून चित्राचा नेमका तेवढाच भाग दिसत होता.

"बघ," ते म्हणाले, "तिनेही जमा केलेली नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आपली सांभाळ. तो रखवालदार बघतोय."

दालनाच्या खिडकीपाशी एक बाक होता. काकू त्यावर बसल्या. त्यांनी पिशवी पायाशी ओढली, पट्टा घोट्याला गुंडाळला, आणि रिकामे हात मांडीवर ठेवून डॉक्टरची वाट बघत राहिल्या.