साहेब, आजोबाले सांगा

कमलताई मोठ्या माणसांशी बोलत नाहीत. दाराशी चपला काढतात, मोरीवर कोपरापर्यंत हात धुतात आणि थेट पाळण्यापाशी जाऊन विचारतात, "काय म्हणता साहेब? दूध बरोबर भेटून राह्यलं ना?"

साहेब म्हणजे माझा नातू. वय एक आठवडा.

कमलताई आमच्या गल्लीच्या आशा सेविका. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, आईला धीर द्यायचा, हे त्यांचं काम. पण सूचना सगळ्या बाळाला. "साहेब, आजीले सांगा, खिडकी उघडा. तुम्ही काय लोणचं आहा, बरणीत घालून ठेवाले?" आणि आजी, म्हणजे माझी बायको, निमूट खिडकी उघडते! लग्नापासून माझं एक वाक्य तिनं पुरतं ऐकलेलं नाही.

आता थोडं माझ्याविषयी. थोडं म्हणतोय, पण भरवसा धरू नका. आमच्या ढाणकी गावात लग्न असो, सत्कार असो, माईक माझ्याच हाती. मी बोलायला लागलो की पाहुणे जेवायला उठतात, अशी ख्याती. आमच्याकडे म्हणतात, पहिली घुटी ज्याच्या हातची, पोर त्याच्या वळणावर जातं. असा वक्ता एका पिढीत संपू नये म्हणून मी खिशात मधाची बाटली घेऊन संधी शोधत होतो. एका सकाळी बायको अंगणात दिसली. मधात बोट बुडवून मी पाळण्यावर वाकलो.

"साहेब, तोंड मिटा!"

दारात कमलताई. माझं बोट हवेतच.

"आजोबाले सांगा, ते बोट त्यायनं सोताच चाटावं. तुमाले सहा महिने फक्त आईचं दूध. अन् त्यायच्यासारखं बोलाची घाई कायले? गावाले एक बस झाला."

मी बोट चाटलं. मध चांगला होता.

मग त्यांनी बाळाला झोळीत घालून काट्याला टांगलं, आणि आकडा दोनदा वाचला. पोर जन्मतःच लहानखुरं. आता वजन आणखी उतरलं होतं. तळपाय गार. माझी लेक माया पदर चावत काट्याकडे बघत होती.

"साहेब, आईले सांगा, रडू नका. तुमाले अंगाले अंग लावून ठेवा, घडीघडी पाजा. आई थकली का आजोबाच्या छातीवर. पुढच्या खेपेले काटा वर नाई गेला, तर पुसदच्या दवाखान्यात जाऊ. मी संग येतो."

"माझ्या छातीवर?" मी.

"सदरा काढा म्हणा. अन् मुकाट्यानं पडा म्हणा. ते बोलले का पोट हालते."

ते खरं होतं. एक शब्द काढला की पोटाला भूकंप व्हायचा आणि साहेब किंचाळायचे. म्हणून भर दुपारी मी उघडाबंब, नातवाला उराशी धरून, तोंड शिवून पडून राहू लागलो. बायको शेजारणींना बोलावून दाखवायची, "पाहा बाप्पा, जित्ता हाय, अन् बोलत नाई!"

पण त्या चिमुकल्या छातीची धडधड माझ्या छातीवर लागायची, तेव्हा मला तसंही बोलता आलं नसतं.

पुढच्या खेपेला काटा वर सरकला. माया हसत हसत रडली. मी टाळ्या घ्यायला उठलो, बिनसदऱ्याचाच. "शाब्बास साहेब!" म्हणत कमलताईंनी टाळ्या वाजवल्या, त्या बाळासाठी. पुढेही काटा चढत गेला. मग एक दिवस म्हणाल्या, "साहेब, फेऱ्या सरल्या माह्या. आता लशीच्या टायमाले भेटू."

तरी त्या दुसऱ्याच दुपारी आल्या. काटा नाही, पिशवी नाही. हात मात्र धुतले. बाळ माझ्या छातीवर होतं, माझे डोळे मिटलेले. मी झोपलोय असं समजून त्या खाटेशी बसल्या.

"साहेब, आज वांग्याची भाजी केलती. एकटीसाठी मसाला वाटाचा कंटाळा येते, तरी केली. मंग ताट घेऊन बसलो, अन् जेवावंच वाटे ना. घरी कोणासंग बोलावं? भिंतीसंग?"

माझ्या घशाशी अख्खं भाषण आलं होतं. ते गिळलं. डोळे न उघडताच हळू म्हणालो, "साहेब, ताईले सांगा, उद्या भाजी इकडंच घेऊन या. खाणारे आम्ही आहो."

मग नाक ओढल्याचा आवाज.

"साहेब, आजोबाले सांगा, पोट हालून राह्यलं." आणि थोडं थांबून, "अन् इचारा, त्यायले तिखट चालते का?"